नायलॉनची नऊ रिळं

चर्चमध्ये पाद्री म्हणाले,
“एकनिष्ठ पत्नी, प्रेमळ माता, लाडकी आजी.”
आफीचा डावा कान केव्हाच गेलेला.
त्याने मला कोपराने ढोसून विचारलं,
“कुणाबद्दल बोलतोय हा?”
“अम्माबद्दल.”
“अस्सं,” म्हणाला, आणि टोपी या गुडघ्यावरून
त्या गुडघ्यावर ठेवली.

बाहेर गिमलीचं सरोवर
दोन हात जाड गोठलेलं.

मग तळघरात कॉफी.
आलुबुखाराचा सात थरांचा केक मावशीने केलेला;
मोजले तर थर सहाच.
अम्मा काही बोलली नसती.
सुरी खालपर्यंत गेल्यावर
अजून एक कापायचा राहिलाय अशी
नुसती थांबली असती.

आफीने साखरेचा खडा दातात धरला,
त्यावरून कॉफी ओढली,
आणि कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाला,
“एकसष्ट साली सिगुर्वेग मला सोडून गेली होती.
अकरा दिवस.”

मावशीच्या हातातली किटली तशीच हवेत.
आईने खिडकीकडे पाहिलं. ती तेव्हा चार वर्षांची.
तिला करपलेले बटाटे आठवत होते,
त्यांचं कारण आत्ता कळत होतं.

“सकाळच्या बसने. विनिपेगला.
मुलींच्या वेण्या घालून, शेगडीत लाकडं सरकवून.
चिठ्ठी नाही, काही नाही.
त्या वर्षी मी पीत होतो
आणि आपली सुती जाळी कुजत होती.
मला दोन्ही दिसत नव्हतं.

बाराव्या दिवशी उतरली.
पिशवीत नायलॉनच्या दोऱ्याची नऊ रिळं.
पैसे कुठले, विचारलं नाही.
कुठे राहिलीस, विचारलं नाही.
तिने बाटली उचलली, दाराबाहेर बर्फावर ओतली,
दिवा जवळ ओढला, जाळ्याची लाकडी सुई भरली.
म्हणाली, ‘मी आलेय, थोर्वाल्दुर.
मला कुणी आणलेलं नाही. एवढं लक्षात ठेव.’”

आफीने खडा चावला.
“ठेवलं,” म्हणाला.

मला ती अम्मा माहीत नव्हती.
मला माहीत होती खालच्या ओठात दोरा धरलेली,
सगळे गाठीला एक फेर घेतात तिथे दोन घेणारी.
का, विचारलं तर “सवय.”
आम्ही नातवंडं बर्फावर धावायला लागलो
की दारात उभी राहून मोजायची,
तिच्या आईच्या भाषेत, बोट नाचवत.
आम्ही सात.
ती आठपर्यंत मोजायची.
आठवा आफी असायचा,
लांब, भोकाशी वाकलेला.
तो आकड्यात बसला
की दार लावून घ्यायची.

दोन आठवड्यांनी मामाबरोबर मी बर्फावर गेले.
भोकातून जाळं वर येत होतं,
पिकरेल मासे हवा लागताच कडक होत होते,
आणि प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात
तिचे दोन फेर.
कितीतरी हजार. बोट फिरवलं की कळतात.

एका जागी फाटलं होतं.
मामा म्हणाला, “घरी जाऊन बघू.”
मी हातमोजे काढले.
तीनदा सुटली गाठ. चौथ्यांदा बसली,
जाड, ओबडधोबड,
तिने पाहिली असती तर
काही न बोलता उसवली असती.

जाळं पुन्हा काळ्या पाण्यात सोडलं.

आफी ट्रकमध्ये हीटर लावून बसलेला.
काच खाली करून ओरडला, “किती फेर?”
मी बधिर बोटं वर केली. तीन.
“फार झाले,” म्हणाला.
काच अर्धी वर घेतली,
मग आमच्याकडे बोट करून
काहीतरी पुटपुटत राहिला.
आम्ही दोघंच होतो बर्फावर.
त्याचे ओठ मात्र
बराच वेळ हलत होते.