बारे

सातव्या महिन्यात साक्रीच्या सोनोग्राफीवाल्यानं
एकाच जागी मशीन तीनदा फिरवलं
आणि धुळ्याची चिठ्ठी दिली.
धुळ्याच्या बाई म्हणाल्या, पाणी कमी आहे,
किडन्या सुजल्यात, बाकीचं बाळंतपणानंतर.
आजाराचं नाव त्यांनी ओठांवरच धरलं.
पुढं कळलं का ते:
हा मुलग्यांनाच होतो.
नाव घेतलं असतं तर कायदा मोडला असता.

जन्मला. मग केसपेपरच्या पाठीवर
त्यांनी घेवड्याचे दोन दाणे काढले,
खाली पिशवी, पिशवीखाली नळी,
नळीत आडवी एक रेघ.
"हा पडदा. हजारो पोरांत एखाद्याला.
लघवी पुढं जात नाही, मागं चढते."

मी पांझरेच्या फडावरचा पाटकरी.
मला याहून जास्त सांगायची गरज नव्हती.
दार अडकलं की शेवटचं वावर कोरडं,
आणि वरचा बांध रात्रीतून
आतल्या आत भिजत जातो.
फक्त, फावडं कुठं घालायचं?

गावात बोलले, ग्रहणात विळी धरली असेल.
सगुणानं कॅलेंडर काढलं, पानं उलटली.
इथून दिसणारं एकही ग्रहण नव्हतं त्या नऊ महिन्यांत.
तरी ती अजून अधूनमधून उलटते.

अकराव्या दिवशी दुर्बीण घातली,
उदबत्तीच्या काडीएवढी.
दोन दिवसांनी नळी काढली.
त्या रात्री लंगोट न बांधता
निंबाला रबरी कापडावर ठेवलं.
अंधारात, बॅटरीशिवाय
पाटात किती पाणी ते मी कानानं सांगतो.
तीन वाजले. काही नाही.
सव्वातीन.
मग कापडावर टपटप, मग सलग.
"मुतना वं माय, मुतना!"
सगुणानं अख्खा वॉर्ड उठवला,
शेजारच्या खाटेवरची मोलगीकडची बाई
कारण न कळताच हसू लागली.

आता सहा वर्षांचा आहे.
डावी किडनी नावापुरती.
दर सहा महिन्यांनी धुळं, रक्त, एक आकडा,
मी तो बाऱ्यांच्या वहीतच मागच्या पानावर लिहितो.
काल पाटाच्या काठावर उभा राहिला.
"पाटात नको रे, बांधाकडं तोंड कर!"
मी ओरडलो, पाठ फिरवली,
आणि दार उघडता उघडता थांबलो,
पाण्याचा आवाज मध्ये येत होता.

धार मध्येच तुटली.
पुन्हा आली.
सोमवारी रिपोर्ट.