वीस न्यूटन-मीटर

पुस्तकात लिहिलंय : हेडचे नट, वीस न्यूटन-मीटर.
शालिक म्हणतो, पुस्तक कायले पाह्यता ताई,
मनगटाले समजते.
मागच्या पोळ्याला त्याच्या मनगटाला समजलं
तेव्हा स्टड तुटून आतच राहिला
आणि पंधरा दिवस मी टपाल सायकलीवर वाटलं.

म्हणून या खेपेला गाडी पडवीत, पोत्यावर,
हेड उघडं, नवं गॅस्केट अजून प्लास्टिकात,
आणि मी पुलगावच्या बसमध्ये.

मुंदडांकडे टॉर्क रेंच मागितला तर
पोऱ्यानं पाइप पाना काढला.
मग मालक स्वतः उठले, वरच्या फळीवरून
हातभर लांब पेटी उतरवली, धूळ फुंकली.
चाळीसपासून दोनशे दहापर्यंत. ट्रकच्या चाकांचा.
म्हटलं, मला वीस पाहिजे.
म्हणाले, मंग अर्धाच फिरवा ना.
जणू टपरीवरचा कट चहा.

ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये होता, नेमका तोच, काचेमागे.
तिथला प्रज्वल आमच्याच गावचा,
त्याच्या आजीची पेन्शन माझ्या हातून जाते.
तरी म्हणाला, बाहेर गेला का कॅलिब्रेशन बिघडते, मॅडम.
हातात तेवढा घेऊ दिला.
वीसवर लावून एका बोल्टवर ओढला.
टक्.
वाळल्या तुरीची शेंग फुटावी एवढाच आवाज.
परतीच्या बसमध्ये तोच कानात.

फोनवरून मागवला. अकरा दिवस लागतील म्हणाले.
टपाल काही अकरा दिवस थांबत नाही.

संध्याकाळी पंचफुलाबाई आली, आरडीचे पाचशे भरायला.
वेचणीच्या बायांची ती मुकादम,
खांद्याला पिशवी, पिशवीत काटा,
हुकाचा, निळ्या उजेडाचा, बायांनी वर्गणी काढून घेतलेला.
मालकाच्या काट्यावर मण कसा भरतो
ते त्यांना पाठ होतं.

मी त्या हुकाकडे पाहतच राहिले.
पंचवीस सेंटीमीटरचा दांडा. वीस न्यूटन-मीटर.
पासबुकाच्या जुन्या खोळीवर गुणाकार मांडला :
आठ किलो, वर दीडशे ग्राम.

तिला सांगितलं, नटापासून इथवर अंतर,
इथं हुक, आणि ओढ सरळ काटकोनात.
ती म्हणाली, म्हंजे दांडा लंबा तर जोर कमी.
हो म्हटलं.
मंग एवढं शिकून काय केलं तुमी, पोस्टमास्तरीनबाई,
हे तं हापशीवरच्या पोट्टीलेई समजते.

पडवीतला बल्ब खाली ओढून बांधला.
चार नट. आधी सगळे निम्म्यावर, तिरपे,
हा, मग त्याच्या समोरचा.
मी पान्यावर हात ठेवून नुसती दिशा धरलेली,
ओढत ती होती, आकडे वाचत,
कापूस मोजताना वाचते तशी, सगळ्या बायांना ऐकू जाईल अशी :
सहा. सात. सात नव्वद. आठ.
आठ धा.
बस्स.

तिसऱ्या नटाला ती आठ वीसवर गेली.
स्वतःवरच चिडली. मी म्हटलं, चालतं.
म्हणाली, नाई चालत. ढिला कर, पयल्यापासून.

गाडी दुसऱ्या किकला लागली.
त्यात विशेष काही नाही, ती नेहमीच दुसऱ्या किकला लागते.
पण हेडखालून थेंब नव्हता,
मी कागद लावून पाहिला. दोनदा.

अकरा नव्हे, चौदाव्या दिवशी टपालाच्या पोत्यात
माझंच पार्सल निघालं.
मीच नोंदवलं, मीच पोचवलं, मीच सही घेतली.
लाल पेटी, पाच ते पंचवीस,
आत घडी केलेलं प्रमाणपत्र, कुणाची तरी अवाचनीय सही.

पंचफुलाबाईला दाखवला.
तिनं किंमत विचारली. बावीसशे, म्हटलं.
तिनं पिशवीतून काटा काढला,
रेंच हुकाला अडकवला,
निळा आकडा थरथरून थांबेपर्यंत थांबली.

सहाशे वीस ग्राम, ती म्हणाली,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की पुलगावात कुणीतरी मला मापात मारलंय.