फुटाला एक सूत

राजारामपुरीत मगदूमच्या काउंटरवर
तीन खोकी.
पहिलं अठरा हजारांचं, वापरलेलं.
"दोनच वर्षं चाललंय ताई, तेही घरगुती."
कुणाच्या घरात, रात्रंदिवस, कसली नाणी खणत
ते तो सांगत नाही.
मी बोटानं पातं फिरवते.
कुरकुरतं,
जत्रा उठल्यावरच्या पाळण्यासारखं.

दुसरं एकतीसचं, दोन पंखे.
तिसरं अडतीसचं, तीन पंखे,
लांबी तीनशे सात मिलिमीटर,
आणि अंगावर इतके दिवे की मगदूमच म्हणतो,
"गणपतीत येगळं डेकोरेशन नको बघा."

मला दिवे नकोत.
मला पंपाचं इंपेलर पडद्यावर फिरवून बघायचंय
ओतायच्या आधी,
लोखंड कुठं अडेल, कुठं वारा धरेल.
आत्ताचं कार्ड निम्म्यात येतं
आणि त्र्याण्णव अंशांवर मान टाकतं.
पत्र्याखालची खोली. उद्यमनगर. वैशाख.
शेजारच्या शेडमध्ये भट्टी लागली
की आमची भिंतसुद्धा हाताला लागत नाही.

वहीत हिशोब मांडला:
एका रेंडरला मिनिटं किती,
मिनिटाला रुपये किती,
रुपयाला अंश किती.
प्रणील म्हणाला, तीन पंख्यांचंच घे,
माझी गेम अडकणार नाही.
त्याचा हिशोब एका ओळीचा.

आप्पांनी खणातून पोलादी पट्टी काढली.
चाळीस वर्षं सागवानात पॅटर्न कोरले ती.
ही पट्टी खोटी आहे, ठरवून खोटी.
तिच्यावर बारा इंच असतं
तिथं खरं असतं बारा इंच एक सूत.
बीड निवताना तेवढं आकसतं,
म्हणून लाकूड आधीच तेवढं वाढीव.
लहानपणी शाळेत मी हीच नेली होती,
भूमितीत नापास झाले.

कॅबिनेटच्या पोटात पट्टी घालून
ते म्हणाले, "बारा. बसत न्हाई."
मी कागदावर करून बघितलं.
"आप्पा, तुमचे बारा म्हणजे तीनशे आठ.
बसतंय. एक मिलिमीटर उरतोय."

ते पट्टीकडं बघून हसले,
जुन्या भागीदाराची लबाडी
पहिल्यांदाच उपयोगी पडल्यासारखे.
मग हात आत घालून चाचपत राहिले.
"बसंल की. पर वारं कुठनं जाणार?
एक मिलिमीटरात मुंगी बी घामाघूम हुईल.
ओतायची घाई सगळ्यास्नी असती, पोरी.
ओतणं पाच मिनिटांचं,
निवणं रातभराचं.
पैसं निवण्याचं मिळत्यात."

एकतीसचं घेतलं.
उरलेल्या सातातून कॅबिनेटला दोन पंखे,
बाकीचे विजेच्या बिलाला.
प्रणील दोन दिवस बोलला नाही.
खरं सांगायचं तर
खोकं उघडताना मलाही
तिसऱ्याचे दिवे आठवले.
त्यानं प्रत्येक रेंडरला नऊ मिनिटं वाचली असती;
वर्षाची बेरीज मी केली,
आणि ते पान दुमडून ठेवलं.

आप्पांनी खालून हवा जावी म्हणून
सागाचे चार पाय बसवले.
चार इंच, म्हणाले.
माझ्या टेपवर चारच्या वर केसभर.
मी काही बोलले नाही.

रात्री साडेअकरा.
शेजारची भट्टी विझलेली.
पडद्यावर इंपेलर हळूहळू भरतंय,
आकडा एकाहत्तरवर थांबलाय.
आप्पा खुर्ची ओढून मागच्या बाजूला बसलेत,
जाळीतून येणाऱ्या वाफेवर तळवा धरून.
"ऊन हाय अजून."
"असणारच, आप्पा. काम चालू आहे."
"व्हय. मग बसतो."

सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या पट्टीसाठी
एक बारका चौकोन आहे. आकस, टक्क्यांत.
रेंडर सोडण्याआधी मी त्यात
एक लिहिला होता.
त्यांना अजून दाखवलेला नाही.