सर्वसाधारण दर

पहाटे सव्वाचारला गुलटेकडीच्या फाटकातून आत शिरते
तेव्हा मेथीच्या ढिगातून वाफ निघत असते
आणि गाळ्यांवरचे दिवे झोपेतच असतात.
माझ्या वहीत तीन रकाने : किमान, कमाल, सर्वसाधारण.
पहिले दोन कोणीही सांगतं,
ओरडूनच सांगतं.
तिसरा मला सोपान घुले देतात,
तोलणार, गाळा नंबर तीनशे सहा,
कानावर पेन्सिल, नजर काट्यावर :
"लिहा ताई, घेवडा, दहा किलोला पाचशे.
सातशेचा दोघांनीच घेतला, त्याला धरू नका."
एम.एस्सी.च्या पुस्तकात याला बहुलक म्हणतात.
काका म्हणतात, बाजाराचं मन.

जाहिरात लागली ती सोमवारी.
संस्थेच्या फलकावर, दोन टाचण्या, तिसरी गळालेली :
संशोधन सहायक, कृषी अर्थशास्त्र. पद एक.
मुदत अकरा महिने, काम पाहून वाढ.
दुचाकी चालवता येणे आवश्यक.
खेड्यांत मुक्कामाची तयारी हवी.
मी फोटो काढला
आणि कागद वाऱ्याने उडू नये म्हणून
त्यावर मत्स्यपालन परिषदेचं पत्रक टोचलं.
वाऱ्याने उडू नये म्हणून.
असं मी स्वतःला सांगितलं.

काकांची उर्मिला औंदाच राहुरीहून शिकून आलीय.
रोज विचारतात, "पोरीसाठी काही निघालं का हो?
तुम्ही त्यातल्याच."
मंगळवारी म्हटलं, नाही.
बुधवारी म्हटलं, बघते.
गुरुवारी, शुक्रवारी नुसती मान हलवली.
शनिवारी मार्केट बंद,
खोटं बोलावं लागलं नाही.

माझा प्रबंध, आता सांगायला हरकत नाही,
याच विषयावर आहे :
भावाची बातमी आधी कोणाला कळते
आणि मधल्या वेळात कोण किती कमावतं.
एकशे चाळीस शेतकरी, सहा आडते,
शेवटच्या प्रकरणात शिफारस :
माहिती सर्वांना एकाच वेळी मिळावी.
सरांनी त्याखाली हिरव्या शाईने
'छान' लिहिलं होतं.

रविवारी आवक दुप्पट.
टेम्पोमागे टेम्पो, हमालांच्या "बाजू, बाजू".
तेवढ्यातही काकांनी चहा पुढे केला,
"लिहा. दोडका तीनशे वीस."
मी लिहिलं.
मग त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात
पद, पत्ता, शेवटची तारीख : उद्या.
फाडून दिलं.
त्यांनी कागद दिव्याखाली धरला, लांब करून वाचला.
जाहिरात कधीची, ते विचारलं नाही.
तोलणारच ते.
काट्याआधी हाताला कळतं.

मुलाखतीला आम्ही सतरा.
उर्मिला शेजारच्या खुर्चीत,
तिच्या फाइलला गोणी शिवायची सुतळी.
"ताई, तुमच्यामुळे कळलं," म्हणाली.
पंख्याचा आवाज बरा वाटला.
आत मला विचारलं, सर्वसाधारण दर कसा काढता?
सूत्र येत होतं. भारित सरासरीही येत होती.
मी म्हटलं, एका माणसाला विचारते.
तिघांपैकी एकाने चष्मा काढला.
"आणि तो माणूस चुकला तर?"
"वही चुकेल.
पण आजवर चुकले ती मीच."
त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.
बरंचसं लिहिलं, म्हणजे चांगलं की वाईट,
याचा अभ्यास माझ्याकडे नाही.

निकाल अजून लागलेला नाही.
माझं मानधन दोन महिने मागे आहे,
आणि सव्वाचारला फाटक उघडंच असतं.

काल रात्री उर्मिलाचा निरोप आला.
बारामतीला एक जागा निघालीय, पद एकच,
"ताई, तुम्हीही भरा, मी भरतेय."
मूळ जाहिरातीवर वेळ होती अकरा वीस.
तिने मला पाठवली अकरा चोवीसला.

चार मिनिटं.
वहीत त्याला रकाना नाही,
म्हणून समासात लिहून ठेवलीत,
गवारीच्या शेजारी.