ओला का सुका

टोमॅटोच्या खालच्या पानांवर वलयं उठली
तेव्हा श्रावण सरत आला होता,
पंचगंगेचं पाणी उतरून चारच दिवस झाले होते.
गच्चीवर सात कुंड्या, एक फुटका टब, रंगाचे दोन डबे.
डाग तपकिरी. गोलात गोल, त्यात आणखी एक गोल,
लाकूड आडवं कापल्यावर दिसतात तसे.

लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारानं पानाकडं नीट न बघताच सांगितलं,
"करपा. किती गुंठे?"
म्हटलं, सात कुंड्या.
तेव्हा त्यानं पहिल्यांदा वर बघितलं.
मग पुडी दिली, पंधरा लिटरच्या पंपाला तीस ग्रॅम.
माझ्याकडं पंप नाही. इस्त्रीआधी कपड्यांवर पाणी मारायची
निळी बाटली आहे, पाऊण लिटरची.
घरी येऊन त्रैराशिक मांडलं. दीड ग्रॅम.
आता काय गुजरीत जाऊन सोन्याचा काटा मागायचा?

सासूबाई, राजमती बाळगोंडा मगदूम,
वय एक्क्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
पुडी नाकापाशी नेऊन म्हणाल्या,
"ह्यानं काय मरतंय?"
बुरशी, आत्ती.
"बुरशीत जीव असतोय न्हवं?"
असतो.
"आन पानात?"
पानातही.

मग बराच वेळ बोलल्या नाहीत.
पाणी गाळून पिणारी बाई.
मिरचीवर मावा पडला तेव्हा नातवाचा रंगाचा ब्रश घेऊन
एकेक किडा वाटीत झटकत बसली होती,
आणि वाटी शेजारच्या मोकळ्या प्लॉटातल्या गवतावर
रिती करून आली होती.
मावा परत आला.
त्याला पत्ता माहीत होता.

"कापूया," शेवटी म्हणाल्या.
"पान जाईल, झाड राहील. पाप माझ्या खात्यावर लिही."

शिकलगारांच्या हुसेनबीकडून कात्रीला धार लावून आणली.
दर पानानंतर पातं डेटॉलच्या बोळ्यानं पुसायचं,
नाहीतर कात्रीच रोग वाटत फिरते.
मी डोळ्यांनी शोधत होते, त्या बोटांनी,
आणि त्यांची बोटं माझ्या पुढं होती.
पानाखाली अंगठा, वर तर्जनी,
पापड वाळला का बघावं तशी चिमट.
"हितं कोरडं लागतंय."
मला तर हिरवंच दिसत होतं.
उन्हाकडं धरलं तेव्हा टाचणीच्या टोकाएवढा डाग,
अजून वलय न धरलेला.
सव्वीस वर्षं ह्याच बोटांनी माझ्या भाकरीच्या कडा तपासल्या.

भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या होत्या.
त्याला औषध नाही, रोपच उपटावं लागतं.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
दिवस मावळायच्या आत जेवून त्या आत गेल्या
तेव्हा उपटलं.
सकाळी कुंडीतल्या मातीवर हात फिरवून म्हणाल्या,
"मोकळी झाली."
एवढंच.

पुडी फेकली नाही मी.
माळ्यावर ठेवली, मिठाच्या बरणीपासून लांब.
पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं.

राहिली पिशवी, आजारी पानांनी भरलेली.
खतात टाकली तर खतातून रोग परत.
जाळू म्हटलं तर, "जाळायचं न्हाई."
पुरायला गच्चीवर जमीन कुठली.
तीन दिवस जिन्याच्या कठड्याला लटकत राहिली,
आतून घाम धरून.

चौथ्या दिवशी घंटागाडी.
पोरानं हात पुढं केला, "वैनी, ओला का सुका?"
मला काही सुचेना.
वरच्या पायरीवरून आत्ती म्हणाल्या,
"आजारी हाय रं. जपून न्हे."

पोरानं पिशवीकडं बघितलं, आत्तींकडं बघितलं,
आणि ओल्यात नाही, सुक्यात नाही,
पुढं ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली
हळूच ठेवली.