पान एकोणीस

पेनीशच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यासमोर
आमचं विमा-कार्यालय.
दोन खुर्च्या, एक पंखा, आणि मी,
अकरा वर्षं लोकांच्या नुकसानीला
योग्य रकान्यात बसवणारा.

मंगळवारी देओलिंदा आली.
पॉलिसी मेणकापडात गुंडाळलेली,
आणि तिच्यावर दोरा, दोन गाठींचा.
म्हणाली, पैशांचं मागाहून.
आधी हे पान एकोणीस वाचून दाखव.
यातलं मला "आणि" तेवढं कळतं.

वजावटीपासून सुरू केलं, ती सोपी.
म्हटलं, नुकसानीचा पहिला घास तुमचा,
पुढचं ताट कंपनीचं.
"म्हणजे पहिले दोन हजार युरो आम्ही रडायचं,
मग तुम्ही."
आम्ही रडत नाही, मावशी, आम्ही भरतो.
तिनं मान हलवली,
भाव पटलेला नाही पण मासळी तर घ्यायचीय, तशी.

घसाऱ्यापाशी अडली.
मी कागदावर रेघ काढली, उतरती:
बोट एकतीस वर्षांची, इंजिन सतरा,
दर वर्षी किंमत एक पायरी खाली येते,
समुद्रात गेली तरी, धक्क्याला बांधून ठेवली तरी.
तिनं पिशवीतून लेस विणायची फिरकी काढली,
लाकडी, बोटांच्या खुणांनी कमरेत बारीक झालेली.
"नवी फिरकी दोऱ्याला ओरबाडते.
चाळीस वर्षं झिजते
तेव्हा कुठं हाताला लागते.
जुनीला दुप्पट पैसे पडतात.
हिचा घसारा काढ."
माझ्याकडं तसा तक्ता नव्हता.

अंगभूत दोष सांगताना मात्र ती हसली.
बाहेरून काही न होता, वस्तूच्या स्वभावानंच
जे बिघडतं, त्याची भरपाई नाही:
मासा नासतो, लोखंड गंजतं.
"आणि माझा नवरा," ती म्हणाली,
"हवामानाचा इशारा ऐकून मुद्दाम निघतो."
ते मी लिहून घेतलं नाही.

मग आली ती ओळ.
मानीव संपूर्ण हानी.
"मानीव?"
बोट आहे, मी म्हटलं. लाटारोध्याच्या दगडांवर, दुभंगून.
पण काढायचा खर्च तिच्या किमतीहून जास्त.
म्हणून, गेलेली नसली तरी
गेली असं धरायचं.

पंख्याचं पातं कुठंतरी घासत होतं.
"झेफेरिनो तीन आठवडे
स्वयंपाकघरात बसून आहे," ती म्हणाली.
"जेवतो. हाक मारली तर बघतो.
मानीव."
तिनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला,
आणि पिशवीत फिरकी ठेवावी तसा
जपून आत ठेवला.

शुक्रवारी तो स्वतः आला. कोट अंगात, बटणं वरपर्यंत,
एवढ्या उन्हात.
परित्यागाचा नमुना पुढं केला:
आम्ही बोटीवरचा हक्क सोडत आहोत,
उरलंसुरलं सगळं कंपनीचं.
त्यानं सावकाश वाचलं.
विचारलं, "कोण कुणाला सोडतंय
ते यात कुठं आहे?"
मी पुन्हा पाहिलं. नव्हतं.
कलमात फक्त तारीख होती, आणि सहीची जागा.

सही केली त्यानं. पहिलं अक्षर नीट,
पुढचं सगळं गुंडाळून ठेवलेल्या दोरासारखं.

उठताना कोटाच्या आत काहीतरी वाजलं.
एकदाच, जाड, पितळी.

पान एकोणीसवरची सगळ्यात वरची व्याख्या,
जी देओलिंदानं विचारलीच नव्हती,
ती परम सद्भावाची:
दोन्ही पक्षांनी एकमेकांपासून
काहीही लपवायचं नाही.

त्यानं माझ्याकडं पाहिलं.
मी यादीत खाली आलो. सुकाणू: मोडलेलं.
जाळी: दोन, फाटकी.
घंटा:
शिक्क्याची शाई वाळली होती,
मी तिच्यावर फुंकर मारली, थुंकी लावली,
आणि लिहिलं,
आढळली नाही.