मोतोहो

रस्ता संपला तिथं ड्रायव्हरनं गाडी वळवून घेतली.
पुढं पाय, म्हणाला,
आणि कोपऱ्यावरचं दुकान दाखवावं
तसा समोरचा अख्खा डोंगर दाखवला.

माझ्या पाठीवर भाच्याची सॅक, चौदा किलो.
पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, शिट्टी,
दोन जॅकेटं, डब्यात भाजणीच्या चकल्या,
आणि एक नकाशा, ज्यात हे गाव नाही.

चढावर भेटेल तो थांबतो.
ऊ त्स्वा काए? कुठून आलीस?
ऊ या काए? कुठं चाललीस?
गाढवावर मक्याचं पोतं लादलेला म्हातारा,
गमबूट नि घोंगडीवर हिवाळा काढणारी गुराखी पोरं,
सगळ्यांचे हेच दोन प्रश्न.
पहिल्याचं उत्तर लांबलचक, कुणालाच पटेना.
दुसऱ्याला मी नुसतं वर बोट करायची.
एक पोरगा म्हणाला, वर कुणी नाही,
वर आम्हीच आहोत.
त्याचं नाव मोखेथी. मग तोच पुढं चालू लागला,
आणि माझी सॅक न मागता त्याच्या पाठीवर गेली.

खाली धरणाचं पाणी आरशासारखं पडलेलं.
बोगद्यातून दुसऱ्या देशात जातं, तो म्हणाला.
वरच्या वाटेनं दोघी बाया
डोक्यावर बादल्या घेऊन झऱ्याकडून येत होत्या.
दोन्ही गोष्टी एकाच दमात दिसल्या,
आणि दम तर मला आधीच लागला होता.

हा-त्सेकेलो: अकरा गोल घरं, गवती छपरं.
एका घरावर उंच काठीला पांढरा झेंडा.
मी दुरूनच हात जोडले.
मोखेथी हसत खाली बसला.
ज्वारीची दारू तयार झाली की लावतात तो.

मामोरोंग्वे म्हणजे मोरोंग्वेची आई.
पहिलं मूल झालं की बाईला त्याचं नाव मिळतं.
स्वतःचं नाव तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
जमीन सारवलेली, ओली होती अजून.
बोटांचे फराटे बघून मी चपला बाहेर काढल्या
तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघू लागली.

मग वाडगा आला. करडं, पातळ, कोमट.
मोतोहो, ती म्हणाली.
पहिल्या घोटाला जीभ थबकली.
आंबील.
मीठ नाही, ताक नाही, पण आंबीलच,
रात्रभर मडक्यात फुगलेली तीच ज्वारी.
समुद्रापलीकडून आले होते मी
काहीतरी कधीच न चाखलेलं चाखायला.
दुसरा वाडगा मागून घेतला.

संध्याकाळी चुलीपाशी तिनं माझ्या पँटचा काठ धरला.
गुडघ्यापर्यंतची शिवण अंगठ्यानं चाचपली,
आतली पट्टी उलटली, मोखेथीकडून वाचून घेतली:
मेड इन लेसोथो.
पोरगी मासेरूत आहे, फॅक्टरीत,
दिवसभर हीच उभी शिवण, ती म्हणाली, फक्त हीच.
हिची असेल? मी विचारलं.
ती हसली नाही.
असेलही. तिचे टाके जरा डावीकडं जातात.
आणि वाकून, आगीच्या उजेडात,
किती तरी वेळ बघत राहिली.
मी पाय हलवला नाही. मुंग्या आल्या तरी.

सकाळी निघताना
निघणारीनं म्हणायचं: राहा सुखानं.
राहणारीनं म्हणायचं: जा सुखानं.
मला नीट पाठ झालं होतं.
तोंडातून निघालं मात्र, येते.
कुणाला कळलं नाही, बरं झालं.
खरं म्हणजे मी पुन्हा येणार नव्हते.

उतारावर तोच गाढववाला.
ऊ त्स्वा काए?
हा-त्सेकेलो, मी म्हणाले,
आणि त्यानं मान डोलावली, पुढचं विचारलंच नाही.

गाडीपाशी सॅक उतरवली. तेवढीच जड.
चकल्या वर राहिल्या होत्या,
त्या डब्यात आता शिगोशीग ज्वारी होती.